सरांना कोणी सांगायचं?

सीझनमध्ये किस्से होत नाहीत. सीझनमध्ये फक्त स्कोअर होतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. किस्से होतात ते मॅचेस संपल्यावर, बॉल स्टोअररूममध्ये जाळीत पडून असतात तेव्हा. खेळाडू इकडून तिकडे जातात, कोच बदलतात, एजंट उगवतात आणि ज्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असा प्रत्येक माणूस टीम बांधायला निघतो!

मी सुरतच्या एका प्रोफेशनल बास्केटबॉल टीमचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे फार मोठं काही समजू नका. हॉटेल, तिकिटं, टॉवेल आणि भांडणं, एवढं माझं खातं. आमच्या भागात, गोडादऱ्यात, चहाच्या टपरीवर मित्र भेटले की विचारतात, "काय विजय, यंदा कोण आलं, कोण गेलं?" एक सांगायला घेतला की त्याच्या मागे दुसरा येतो. यंदाच्या सुट्टीतले तर इतके साचलेत की सांगून टाकल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

*

आधी माणसं सांगतो. टीमचे मालक किरीटभाई शेठ. रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्यांचं दुकान, कडोदऱ्याला मिल. बास्केटबॉलवर त्यांचा जीव आहे, पण डोकं पूर्ण कापडाचं.

कोच भामरे सर. मूळचे धुळे जिल्ह्यातले. सुरतेतल्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या भागातल्या लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या, पोरांना शाळेच्या सिमेंटच्या अंगणात बास्केटबॉल त्यांनीच शिकवला. मलाही त्यांनीच. मी उंचीत मार खाल्ला म्हणून मॅनेजर झालो, आमच्यातलाच हेमंत वाढतच गेला म्हणून टीमचा कॅप्टन झाला.

गेला सीझन वाईट गेला. शेवटची मॅच तर घरच्या कोर्टवर, शेठच्या झाडून सगळ्या व्यापाऱ्यांसमोर हरलो. होळीनंतर शेठनी मला दुकानात बोलावलं, गादीवरून बाकीच्यांना उठवलं आणि हळूच म्हणाले, "विजयभाई, कोच बदलना है. सर को तुम बोल दो."

"मी?"

"तुम्हारे गुरु हैं. तुम बोलोगे तो उनको बुरा नहीं लगेगा."

वा रे न्याय!

आता आमच्या शेठची एक रीत आहे. चांगली बातमी स्वतः द्यायची, पेढ्यासकट. वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून पाठवायची. त्यांच्या दुकानातले जुने मुनीम एकदा सकाळी कामावर आले आणि नेहमीसारखे लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमन बटण दाबेना. मुनीम म्हणाले, "काय झालं? बिघडली?" लिफ्टमननं मान खाली घातली आणि म्हणाला, "नाही काका. शेठनी सांगितलंय, आजपासून तुमच्यासाठी लिफ्ट वर जात नाही."

तर यंदा तो लिफ्टमन मी होतो!

*

सर कोसाडला राहतात. एका रविवारी मनाचा हिय्या करून गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. "सर, तुम्ही थकलात." छे! सर अजून आमच्यापेक्षा जास्त पळतात. "सर, तुम्ही आराम करा." हे तर आजारी माणसाला सांगतात.

दार काकूंनी उघडलं. आत शेवभाजीचा वास. संपलंच सगळं. आमच्या खान्देशी घरात समोर शेवभाजी असताना वाईट बातमी द्यायला काळीज दगडाचं लागतं.

"सर, पुढच्या सीझनचं बोलायचं होतं," मी सुरुवात केली.

सरांचे डोळे असे चमकले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मी बी तेच म्हणत व्हतू!" सर म्हणाले. मग त्यांनी ताटं बाजूला सारली आणि जमिनीवर कांदे मांडले. कांदे म्हणजे आपली टीम. लिंबाच्या फोडी म्हणजे समोरची. ठेच्याची वाटी म्हणजे बास्केट. एक कांदा सारखा मागे राहत होता. सर त्याच्यावर खरोखर ओरडले, "अरे कथा देखी ऱ्हायना? बॉलकडे देख!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तो कांदा माले भाजीले लागना से, त्याले बाहेर बसाडा!"

सरांना 'तुम्ही नाही' असं सांगायला गेलेला मी परत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात पुढच्या सीझनचा अख्खा डिफेन्स होता आणि हातात ठेच्याचा डबा.

*

इकडे शेठनी नवे कोच बघायला सुरुवात केली. मुलाखत कुठे? दुकानात, गादीवर, बूट काढून.

एक कोच आले, चांगले साडेसहा फुटी. मांडी घालता घालता त्यांचा गुडघा शोकेसला लागला आणि पुतळ्याची साडी सुटली. शेठनी आधी साडी नीट केली आणि मग विचारलं, "सेम्पल लाए हो?"

कोचसाहेब तयारीचे होते. त्यांनी लॅपटॉप उघडून व्हिडिओ लावला. काय एकेक बास्केट! डंक काय, ब्लॉक काय, मागे म्युझिक काय! मी मनातून खचलो. म्हटलं, हा माणूस सरांची जागा घेणार.

शेठ शांतपणे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "ये तो कटपीस है. पूरा ताका खोलो."

कोचसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावलं, "कापडाचा अख्खा तागा उलगडून दाखवायला सांगताहेत. म्हणजे पूर्ण मॅच."

बिचाऱ्यांनी पूर्ण मॅच लावली. शेठ चारही क्वार्टर बसले. मधे गिऱ्हाईक आलं की "पॉज करो!" म्हणायचे, साड्या दाखवायचे आणि परत येऊन बसायचे. दुपार उलटली. शेवटी मॅच संपली आणि शेठ उसळलेच, "अरे, इसमें तो आपकी टीम हार गई!"

"सर, म्हणूनच मी हायलाइट्स दाखवत होतो," कोचसाहेब म्हणाले.

त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचा ताका शेठनी असाच उलगडला. एकही पसंत पडला नाही. मला आनंद झाला, पण तो दाखवायचा कुणाला? शेठ रोज विचारत होते, "सर को बोला?" मी रोज म्हणत होतो, "मौका देखके बोलता हूँ."

*

मग एजंट मेहरा आला. सिल्कचा शर्ट, कानात ब्लूटूथ, आणि पोट त्याच्याआधी दारात. त्याच्याकडे चेन्नईचा एक फॉरवर्ड होता, फ्री एजंट. म्हणजे आधीच्या टीमशी करार संपलेला, ज्याला हवा त्यानं घ्यावा.

शेठच्या मते एजंट म्हणजे दलाल. आणि मार्केटमधला दलाल पार्टीची जबाबदारी घेतो. पार्टी पळाली तर मान त्याची. शेठनी मेहराला सरळ विचारलं, "लडका टाइम पे नहीं आया तो?"

मेहरा हसला. "सर, मेरी जबान है. वो नहीं आया तो मैं खुद खेलूँगा!"

ही बोलायची पद्धत झाली हो! पण शेठनी ती सौद्यातली अट म्हणून ऐकली.

उन्हाळी कॅम्प सुरू झाला त्याच दिवशी चेन्नईत त्या मुलाच्या बहिणीचं लग्न निघालं. मेहरा सुरतेतच हॉटेलवर होता. सकाळी शेठचा ड्रायव्हर त्याच्या खोलीवर गेला आणि त्याला गाडीत घालून हॉलवर घेऊन आला. माझ्या हातात शेठचा मेसेज, 'इसको चड्डी दो.'

दिली. एक्स्ट्रा लार्ज.

मी भामरे सरांकडे बघितलं. म्हटलं, सर तरी याला वाचवतील. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "माले काय, जो उना तो पळी!" म्हणजे जो आला त्यानं पळायचं.

आणि मेहरा पळाला हो! सूसाइड म्हणतात आमच्याकडे त्या धावण्याच्या प्रकाराला. या रेषेपर्यंत जा, परत या, पुढच्या रेषेपर्यंत जा, परत या. शेवटी तो मधल्या वर्तुळात आडवा झाला, ब्लूटूथ एकीकडे, चष्मा दुसरीकडे. सर त्याच्याजवळ गेले, वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डावा हात चांगला आहे. उद्या वेळेवर या."

*

ट्रेडचा किस्सा तर ऐकाच. आमचा सेंटर बल्ली, पंजाबचा उंचच उंच गडी. शेठनी तो दुसऱ्या गावच्या टीमला दिला आणि बदल्यात सोजन नावाचा केरळचा शूटर घेतला. ट्रेड म्हणजे हेच, माणसाच्या बदल्यात माणूस. समोरच्या टीमचा मालकही कापडातलाच, त्यामुळे बोलणं फोनवर, चहा संपायच्या आत झालं.

सोजन आला तो लंगडत. घोटा मुरगळलेला.

शेठ लालबुंद. "डिफेक्ट माल! जी.आर. कर दो!"

जी.आर. म्हणजे गुड्स रिटर्न. न आवडलेला माल व्यापारी परत पाठवून देतात, अख्खं मार्केट त्या नावानं बोटं मोडतं आणि अख्खं मार्केट तेच करतं. मी शेठना परोपरीनं सांगितलं की ट्रेडमध्ये असं नसतं, लीगचे नियम आहेत. शेठनी ऐकलं नाही आणि तिकडे फोन लावला. मला वाटलं, आता भांडण होणार. तर तो मालक म्हणतो कसा, "कोई बात नहीं, भेज दो. धंधे में जी.आर. तो होता है. लेकिन आपका बल्ली वापस नहीं मिलेगा."

"क्यूँ?"

"उसको तो हमने आगे बेच दिया!"

म्हणजे बल्ली तिसऱ्याच टीमकडे! इकडे सोजन आम्ही परत केलेला आणि तिकडे पोचलेला नाही. लीगच्या ऑफिसमधून मला फोन, "हे नक्की काय चाललंय?" मी म्हटलं, "मला कळलं की कळवतो."

सोजन हॉलबाहेरच्या कट्ट्यावर बर्फाची पिशवी घोट्याला लावून बसला होता. आवाज अगदी रडवेला. "सर, मैं कौन सी टीम में हूँ?"

मला खरंच वाईट वाटलं, पण तोंडातून निघून गेलं, "बेटा, तू सध्या ट्रान्सपोर्टमध्ये आहेस!"

या सगळ्या घोळात घोटा बरा झाला. एक दिवस शेठ हॉलवर आले तर सोजन एका कोपऱ्यातून बॉल टाकतोय आणि प्रत्येक बॉल जाळीतून सुळ्ळकन आत. शेठ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ये माल किसका है? मस्त है!"

*

सगळ्यात मोठा धसका हेमंतच्या वेळी बसला. आमच्या कॅप्टनचा करार संपला होता आणि दिल्लीकडच्या एका बड्या टीमचा माणूस त्याला न्यायला आला. टाय लावून, गोडादऱ्यात, मे महिन्यात!

हेमंतच्या घराखाली लूम चालतात. तिथली सगळी माणसं लूमच्या वरच्या पट्टीत बोलतात, नवीन माणसाला ते जमायला वेळ लागतो. मी त्या दिवशी हेमंतकडेच होतो. दिल्लीवाला हळू आवाजात ऑफर सांगतोय, हेमंतची आई म्हणतेय, "काय? जोरमा बोला!" त्यानं आवाज चढवला. "काय?" आणखी चढवला. शेवटी तो बिचारा टाय सैल करून गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागला. गाडी मिळेल! फ्लॅट मिळेल! आणि मग सगळ्यात मोठ्यानं, "लेकिन ये बात किसी को पता नहीं चलनी चाहिए!"

नेमके त्याच क्षणी लाइट गेले. लूम थांबले. अख्ख्या गल्लीत चिडीचूप शांतता, आणि त्यात ते शेवटचं वाक्य घुमलं.

समोरच्या गॅलरीतून एका मावशीचा आवाज आला, "नही सांगत भाऊ! तू निश्चिंत ऱ्हाय!"

संध्याकाळपर्यंत भाजीवाल्यालासुद्धा फ्लॅट किती मजल्यावर आहे ते माहीत होतं.

पण दिल्लीवाला गेल्यावर हेमंत माझ्याजवळ आला. हसत नव्हता. म्हणाला, "विजयभाऊ, मी जाणार नाही. सर आहेत तोवर मी इथेच. सर आहेत ना?"

"आहेत ना! कुठे जाताहेत?" मी म्हटलं, आणि घरी जाऊन आडवा झालो. आता सरांना सांगणं म्हणजे कोच तर जाणारच, कॅप्टनही त्यांच्यामागे जाणार. जेवण गोड लागेना. मी भित्रा नाही हो, रेफरीच्या अंगावर धावून गेलेला माणूस आहे. पण ज्यांनी माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या त्यांना 'आता तुम्ही नको' हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

*

त्यात एक वेगळाच त्रास सुरू झाला. सर माझ्या घरी यायला लागले!

कोसाडहून गोडादरा काही जवळ नाही. पण सर यायचे, खुर्चीवर बसायचे, पंख्याकडे बघायचे. चहा व्हायचा. माझ्या आईशी गावाकडच्या गोष्टी व्हायच्या. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "विज्या..."

"काय सर?"

"काही नही. बरा से ना?"

आणि निघून जायचे. एकदा तर येताना केळी घेऊन आले, एकदा काकूंच्या हातचे कुरडया-पापड. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी समजलो, यांना कळलंय. मार्केटमध्ये काय लपून राहतं? माझ्या तोंडून ऐकायला येताहेत बिचारे, आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा चहाच पाजतोय.

आई म्हणाली, "मास्तर आज बी काही बोलना नहीत. त्यास्ना पोटमा काहीतरी से."

मी आईवर उगाच खेकसलो.

*

गणपती उठले आणि प्रॅक्टिसचा पहिला दिवस उजाडला. आदल्या दिवशी शेठनी पुन्हा विचारलं होतं, "सर को बोला?" मी मान अशी हलवली की तिचा अर्थ काहीही घ्यावा. आता मात्र पळवाट नव्हती. खेळाडू यायच्या आत सांगून टाकायचं, असं ठरवून मी लवकर हॉलवर पोचलो.

सर माझ्याआधीच आले होते. बाकावर बसले होते, शिट्टी गळ्यात, बॉल मांडीवर. मी शेजारी बसलो.

"सर, एक सांगायचं होतं."

"माले बी," सर म्हणाले.

"तुम्ही आधी."

"नही, तू सांग."

"नाही सर, तुम्ही मोठे."

सरांनी बॉल खाली ठेवला. डोळ्यांत पाणी. "विज्या, मन्हावर रागावू नको. होळीनंतर शेठनी माले दुकानमा बोलावं. म्हणे, मॅनेजर बदलना से, विज्याले तुम्ही सांगी टाका. तुमना चेला से, त्याले वाईट वाटाव नही. मी कितला येळा तुन्हा घर उनू, पण मन्हा तोंडमा शब्दच उना नही!"

मला हसू फुटलं. असं फुटलं की बाकावरून घसरलो. सरांना वाटलं, धक्क्यानं वेडा झाला. मी त्यांचा हात धरून कसंबसं सांगितलं, होळी, दुकान, गादी, "तुम्हारे गुरु हैं" आणि सगळं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघं येड्यासारखे हसत आणि रडत बसलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दारात शेठ! हातात नारळ, कपाळाला टिळा. आम्हाला दोघांना शेजारी शेजारी बसलेलं बघून जागच्या जागी थांबले. चेहरा पांढराफटक. नवा कोच त्यांना मिळाला नव्हता, आणि नवा मॅनेजरही.

सरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि घाबरत घाबरत विचारलं, "तुम दोनों ने एक-दूसरे को... कुछ बोला तो नहीं ना?"

"नाही," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"हाऽऽश!" शेठ मटकन आमच्या मधेच बसले आणि नारळ सरांच्या हातात देऊन म्हणाले, "फोडो!"